पाइपावरचं बिऱ्हाड

वाकोल्यात भाड्याने घर शोधत फिरत होतो तेव्हा प्रत्येक घरमालक आधी आडनाव विचारायचा. आडनाव सांगितलं की कोणाच्या घरात नेमकं त्याच आठवड्यात रंगकाम निघायचं, कोणाला आठवायचं की खोली भाच्याला कबूल केलीय. एकाने तर बोलता बोलता आमच्यासमोरच भाचा जन्माला घातला. मी नांदेडकडची, माझा नवरा मिलिंद परभणीचा, दोघांनाही या भाच्यांची लहानपणापासून सवय. राग यायचा तो यायचाच.

शेवटी भेटलेल्या या मालवणी आजीने आडनाव विचारलंच नाही. कमरेवर हात ठेवून ती दारात उभी राहिली, आम्हाला वरून खाली बघितलं आणि म्हणाली, "हातोडो आसा तुमच्याकडे?"

मिलिंदला वाटलं, म्हातारीला हातोडा हवाय. तो उत्साहाने म्हणाला, "आहे ना आजी! चांगला मोठा आहे."

"मगे जावा," असं म्हणून ती दार लावायला लागली.

मी पाय मध्ये घातला आणि हातोडा भंगारात देते म्हणून शपथ घेतली, तेव्हा कुठे वरची खोली मिळाली. अट एकच होती. भिंतीत खिळा ठोकायचा नाही. "काय टांगूचा ता पायपार टांगा," ती म्हणाली.

पाइप म्हणजे विजेचे. आता कोणाच्या घरात वायर दिसत नाही, सगळं भिंतीच्या पोटात गेलेलं असतं. गरिबाघरी प्लास्टिकची पट्टी असते. या घरात मात्र भिंतीवरून अंगठ्याएवढे जाड लोखंडी पाइप फिरत होते. मीटरपासून निघायचे, छताला चिकटून खोलीभर हिंडायचे, बटणांच्या बोर्डासाठी खाली उतरायचे, मोरीवरून वळसा घालून पुन्हा वर. विजेची वायर त्यांच्या आतून गेलेली. पहिल्या दिवशी मला बोटीच्या इंजिनात राहायला आल्यासारखं वाटलं.

हे सगळं आजीच्या नवऱ्याने केलेलं. तो एका गिरणीत वायरमन होता. गिरणीत असल्या पाइपातूनच वायरिंग असायचं, म्हणून घरीही तेच. पाइप आणले कुठून, हे विचारलं की आजी पदर सारखा करायची. एकदा कोलंबी सोलता सोलता तिला कसला तरी मूड आला आणि तिने सांगून टाकलं. म्हातारा रोज गिरणी सुटल्यावर लेंग्याच्या आत एक तुकडा बांधून आणायचा. गेटवरचा पहारेकरी रोज विचारायचा, पायाला काय झालं? हा म्हणायचा, वात. एवढ्या वर्षांत पाय कधी उजवा लंगडायचा, कधी डावा, तरी पहारेकऱ्याला शंका आली नाही. त्या लेंग्याच्या मापाचे असल्यामुळे आमच्या घरातल्या पाइपांना हातभरावर एकेक जोड होता. अख्ख्या मुंबईत इतके जोड दुसऱ्या कुठल्या घरात नसतील.

आमचा संसार त्या पाइपांवर टांगला गेला. एस आकाराचे हूक आणून कपडे, पिशव्या, छत्र्या, मुलीचा पाळणा सोडून सगळं. बुद्धाचा फोटो कुठे लावायचा म्हणून मी जरा चाचरतच विचारलं. आजीने फोटो हातात घेतला, पदराने काच पुसली.

"हो बरो," ती म्हणाली. "डोळे मिटून गप बसलो हा. आमचे देव बघ, एकाक नारळ होयो, एकाक कोंबो." आणि स्वतः स्टुलावर चढून तिने तो बोर्डाच्या वरच्या पाइपाला अडकवला. खाली तिच्या खोलीत पाइपाला गणपती होता, शेजारी सुक्या बोंबलांची माळ. दोघांचं जमत असावं.

माझं काम पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांच्या दंडात सुई घालून रक्त काढायचं. ते कळल्यावर ती म्हणाली, "टोचूचो धंदो आसा तुझो. माणसाक टोच. भिंतीक नको."

प्लास्टिकवर तिचा राग होता आणि रागाचं कारण रोज बदलायचं. सोमवारी विचारलं तर उंदीर. वाकोल्याचे उंदीर मांजरांना हाकलून लावतात, प्लास्टिक तर त्यांना चकलीसारखं. बुधवारी आग. शुक्रवारी काही नाहीच सुचलं तर सून. "प्लास्टिक म्हंजे आमची सून. उन्हात नरम, थंडीत तडकता, आणि वरसून बघूक चकाचक."

ही सून मुलुंडला राहायची. आजीच्या मुलाने तिथे मोठा फ्लॅट घेतला होता, खोट्या छतासकट. आजी पहिल्यांदा राहायला गेली तेव्हा भिंतींवरून हात फिरवत सगळ्या खोल्या हिंडली आणि विचारत सुटली, "वायर खंय? वायर खंय गो?" सुनेने सांगितलं, भिंतीच्या आत आहे. आजी म्हणाली, "लपवलेला काय बरां नसता." तिसऱ्या दिवशी सुनेने पडदा लावायला ड्रिल मारून घेतलं, ते नेमकं आतल्या प्लास्टिकच्या पाइपातून वायरमध्ये. ठिणगी, वास, अर्धं घर बंद. कोणाला काही झालं नाही. आजी मात्र त्याच दिवशी रिक्षा करून वाकोल्याला परतली आणि गल्लीत घरोघरी मालवणी खाजं वाटलं. नातू झाला तेव्हाही एवढं वाटलं नव्हतं, असं शेजारची सावंतकाकू म्हणाली.

दर वर्षी गणपतीच्या आधी आजी पाइपांना रंग द्यायची. चंदेरी रंग, छोटा डबा, दात पडलेला ब्रश. साडी खोचून स्टुलावर उभी राहायची आणि पाइप, जोड, क्लॅम्प, स्क्रूची डोकी, काही म्हणता काही सोडायची नाही. म्हातारा होता तोवर तो रंगाला हात लावू द्यायचा नाही. जोडांवर रंग नको, मीटरजवळच्या क्लॅम्पवर तर मुळीच नको, म्हणून ओरडायचा. "कंजूष मेलो," आजी सांगायची. "रंगाक पैसे जातत म्हणान." तो गेला आणि तिने हौस फेडून घेतली. आम्ही राहायला गेलो तेव्हा रंगाचे इतके थर चढले होते की पाइप मूळचा अंगठ्याएवढा होता की करंगळीएवढा, हे सांगणं अवघड होतं.

आता झिणझिण्यांचं सांगते. पाइपाला हात लावला की बोटांत बारीक मुंग्या यायच्या. चप्पल घातलेली असली तर अगदी हलक्या, नसली तर जरा जास्त. मी मिलिंदला सांगितलं. तो म्हणाला, "जुनं घर आहे, थोडा करंट असणारच." मुंबईत भाड्याच्या घरात थोडी गळती, थोडा वास आणि थोडा करंट माणूस धरूनच चालतो. पाणी रोज येतंय ना, मग बाकीचं चालवून घ्यायचं.

गल्लीतल्या बायकांना मात्र त्या मुंग्यांचा शोध आमच्याही आधी लागलेला होता. सावंतकाकूचे गुडघे दुखायचे. एकदा पाइप धरून उभी राहिली आणि म्हणे बरं वाटलं. झालं. दुपारी जेवणं उरकली की दोघी-तिघी यायच्या, चपला घालून पाइप धरून उभ्या राहायच्या आणि सुनांची निंदा करायच्या. निंदेने बरं वाटायचं की करंटने, हे कोणी तपासलं नाही. आजी शेजारी बसून पहारा द्यायची आणि कोणी जास्त वेळ धरला की ओरडायची, "पुरे गो आता! सोड! घोव माझो आसा तो!"

मला पहिल्यांदा वाटलं, पाइपाला नवरा म्हणतेय ती थट्टा. नव्हती. म्हातारा गेला आणि वर्षभरात पाइपात हे सुरू झालं. एका संध्याकाळी दिवा लावून तिने पाइपाला टेकून हात ठेवला आणि तिच्या तळव्यात काहीतरी थरथरलं. तिने ओळखलं. तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला खाटेवर बसून, उशाजवळून जाणारा पाइप धरून ती त्याला दिवसभराचं सांगायची. मासळीचा भाव, मुलाचा फोन आला की नाही, वरच्या पोरीने भात करपवला. वरची पोरगी म्हणजे मी. जिन्यावरून उतरताना मी ऐकायची आणि हसू दाबून पुढे जायची. आमच्या घरात भूतखेत, आत्मा असलं काही मानत नाहीत. पण एखादी बाई नवऱ्याकडे माझ्या भाताची चुगली करतेय म्हटल्यावर तिथे विवेकाचं भाषण काय देणार?

एका रविवारी सकाळी मिलिंद मोरीत आंघोळ करून उठला, ओल्या पायांनीच, आणि पिळलेली चड्डी वरच्या पाइपावर टाकायला हात वर केला. मी कणीक मळत होते. एक विचित्र आवाज ऐकू आला, बादली उलटी झाली आणि मिलिंद मोरीच्या कोपऱ्यात पाय पसरून बसलेला दिसला. डोळे उघडे, तोंड उघडं, शब्द नाही. उजवा हात कोपरापासून थरथरत होता. मी इतकी घाबरले की कणकेच्या हाताने त्याची नाडी बघितली. रोज शंभर लोकांचे हात हातात घेणारी मी, मला त्याची नाडी सापडेना. मग तो म्हणाला, "च्यायला," आणि मी रडायलाच लागले.

आवाज ऐकून आजी वर आली. तिने मिलिंदकडे बघितलं, पाइपाकडे बघितलं, पाइपावर लोंबणाऱ्या चड्डीकडे बघितलं, आणि निकाल देऊन टाकला.

"आमचो म्हातारो उगाच कोणार हात उचलूचो नाय. ओली चड्डी! तेच्या आंगार ओली चड्डी घातल्यान! मगे तो काय आरती ओवाळतलो?"

मिलिंद तसाच बसलेला. "आजी, मेलो असतो मी."

"मारूचा असता तर मारल्यान असता. थापड मारल्यान फक्त."

मी त्या दिवशी तिला काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की माझ्या मुलीने नुकतंच उभं राहायला सुरुवात केली होती, आणि उभं राहायला ती बोर्डाखाली उतरणारा पाइप धरायची. आजवर पायांत मोजे, खाली सतरंजी, म्हणून वाचली होती. मी मेन स्विच खाली ओढला, मुलीला उचललं आणि वायरमनला फोन केला.

वायरमन आला तो कानांत फोनची बोंडं खुपसून, अर्धा आमच्याशी आणि अर्धा कोणाशी तरी अंधेरीत बोलत. खाली आजीच्या खोलीत मीटर होता, तिथे त्याने मेन चालू करून पाइपाला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. मग मेन पुन्हा बंद करून त्याने कानातलं काढून खिशात ठेवलं, त्यावरून मला प्रकरण गंभीर असल्याचं कळलं.

"वाट लागलीये," तो म्हणाला. "अख्ख्या घराचा पाइप करंट मारतोय. काढून टाका सगळा. पीव्हीसी टाकतो, दोन दिवसांत झकास करून देतो."

आजीने मुलुंडला मुलाला फोन लावला, आपली बाजू घेईल म्हणून. तो तर या क्षणाची वर्षानुवर्षं वाट बघत होता. फोन स्पीकरवर होता. "आई, मी कधीपासून सांगतोय, काढ ते भंगार. प्लास्टिक टाक."

"तुझ्या तोंडार शिरा पडो," आजी म्हणाली आणि फोन बंद केला.

मग ती पाइपाला पाठ लावून उभी राहिली, दोन्ही हात पसरून. मेन बंद होता ते बरं. वायरमन माझ्याकडे बघायला लागला. मिलिंद हात चोळत खुर्चीत बसला होता. मी संतापले होते, पण त्या चंदेरी पाइपासमोर तिला तशी बघून बाजूला हो म्हणवेना. मी वायरमनला विचारलं, "खराब नक्की काय झालंय? पाइप की आतली वायर?"

"पाइपाला काय होतंय मॅडम, असला माल आता मिळत पण नाय," तो जरा नाखुशीने म्हणाला. पाइप ठेवला तर त्याचं पीव्हीसीचं काम बुडत होतं ना. त्याने एक डबी उघडून आतली वायर ओढली. वरचं रबर बिस्किटासारखं चुरा होऊन त्याच्या हातात आलं. "वायर सडलीये. करंट बाहेर सुटून पाइपाला लागतोय. तसा लागला तरी हरकत नसते, पाइपातून अर्थिंगला जायला पायजे, जमिनीत." तो मीटरजवळ गेला, पक्कड घेऊन पाइपाला अर्थिंगच्या तारेशी जोडणाऱ्या क्लॅम्पवर खरडलं, चंदेरी पापुद्रे पडायला लागले. "हे बघा. कोणी शहाण्याने क्लॅम्पवर पण रंग मारलाय, जोडांवर पण. इतके जोड, सगळ्यांत रंग. करंटला जायला वाटच नाय ठेवलेली. मग तो बिचारा आतल्या आत फिरतोय."

आजीचे पसरलेले हात हळूहळू खाली आले.

"काय म्हणालंस?"

"जायला वाट नाय त्याला आजी. म्हणून इथेच फिरतोय."

"ताच मी सांगतंय इतकी वर्षां," ती म्हणाली. पण जिंकल्याचा आवाज नव्हता तो. ती खाटेवर बसली. क्लॅम्पखाली पडलेल्या चंदेरी पापुद्र्यांकडे बघत राहिली. "रंग मी लावलंय," ती म्हणाली. "तो नको म्हणाचो. बोंबलाचो, थंय लावू नको, थंय लावू नको. मी म्हणलंय, कंजूष. मेल्यावर मीच अडकवन ठेवलंय तेका."

वायरमनने पक्कड खाली ठेवली. माझी मुलगी आजीचा पदर धरून तिच्या गुडघ्याशी उभी राहिली. आजीने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आख्खो संसार झालो," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "कधी माझो हात धरूक नाय तेणा. लोकांत सोड, घरात दार लावन पण नाय. लाज तेका. मेल्यावर धरल्यान. रोज धरी होतो."

माझा सगळा राग तिथेच संपला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. विजेचं काय ते मला कळत होतं, अर्थिंगचं आता कळलं होतं, आणि तरीही या बाईच्या हातातून काय काढून घ्यायला आपण निघालोय तेही कळत होतं. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. म्हटलं, "आजी, मला पोरीची भीती वाटते. तुमची पण वाटते. तुम्ही एखाद दिवशी ओल्या पायांनी धरलात तर?"

"तर काय? गेलंय असतंय तेच्याबरोबर." मग तिने मुलीकडे बघितलं. उठली, आत गेली आणि मासे खवलायची सुरी घेऊन आली. मीटरजवळ स्टूल ओढलं.

"पायप काढूचो नाय," वायरमनला तिने बजावलं. "वायर बदल. आणि वाट मोकळी कर तेची. मी खरडतंय."

आणि तिने खरडलं. दोन दिवस ती बाई स्टुलावर उभी राहून एकेका जोडावरचा रंग सुरीने काढत होती. आम्ही करतो म्हटलं तर सुरी दाखवायची. वायरमन कुरकुरत होता, पण पाइप तोच ठेवून जुन्या वायरीला नवी बांधून एका टोकाने ओढली की दुसऱ्या टोकाने नवी वायर सरसर येते, भिंत फोडायची गरज नाही, हे बघून त्याचाही चेहरा खुलला. जुन्या वायरींबरोबर काळा भुगा पडायचा. आजी तो केरसुणीने गोळा करायची, केरात टाकायची, आणि पुन्हा वर चढायची. तोंडाने अखंड शिव्या चालू होत्या. वायरमनला, मुलाला, सुनेला, रंग विकणाऱ्या दुकानदाराला. स्वतःला नाही दिली एकही, पण सुरी फार जोरात चालत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम संपलं. अर्थिंगचा क्लॅम्प घासून, उघडा, नवा स्क्रू घालून बसवला. वायरमनने मेन वर केला आणि टेस्टर घेऊन खालपासून वरपर्यंत सगळ्या पाइपांना लावला. कुठे पेटला नाही. "झकास," तो म्हणाला आणि कानांत पुन्हा ती बोंडं खुपसली.

सावंतकाकू आणि दोघीजणी दारात येऊन थांबल्याच होत्या. दोन दिवस औषध बंद होतं ना. सावंतकाकूने चप्पल घातली, पुढे येऊन पाइप धरला, थोडा वेळ थांबली, हात बदलला, पुन्हा धरला.

"काही नाही हो यात आता," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली. "गेली सगळी शक्ती."

मला वाटलं, आता आजी कोसळणार. मी पुढेही झाले. पण तिने सावंतकाकूला बाजूला सारलं, खाटेवर नेहमीच्या जागी बसली आणि उशाजवळचा पाइप धरला. नुसता धरून बसली. रंग खरडलेल्या जोडावर तिचा तळवा होता, तिथे आतलं काळं लोखंड उघडं पडलं होतं. तिने डोळे मिटले.

मग तिने डोळे उघडले, पण हात सोडला नाही.

"आता खरो तो," ती म्हणाली. "जितो होतो तेव्हा असोच होतो मेलो. थंड."